पोलीस केस पेपर मागतात तेव्हा: रुग्णाची गुप्तता कुठे संपते आणि डॉक्टरांनी कोणत्या क्रमाने वागावे

भारतातल्या फौजदारी न्यायालयात "हे माझ्या रुग्णाचे गुपित आहे, मी सांगणार नाही" असे म्हणून डॉक्टरला सुटता येत नाही. वकिलाला अशिलाबद्दल तसे म्हणता येते, नवरा-बायकोला एकमेकांबद्दल बऱ्याच अंशी म्हणता येते. डॉक्टरला हा विशेषाधिकार १८७२ च्या पुरावा कायद्याने दिला नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही दिलेला नाही.

गुप्ततेचे बंधन मात्र खरे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतला नियम ७.१४ सांगतो की व्यवसाय करताना कळलेले रुग्णाचे गुपित फक्त तीन वेळा उघड करता येते: न्यायाधीशांच्या आदेशाने न्यायालयात, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा, आणि कायद्याने कळवायच्या रोगांच्या बाबतीत. (२०२३ मध्ये आलेले नवे आचारनियम त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून २००२ चेच धरून चाला.) त्यात खासगीपणाचा मूलभूत हक्क आणि काही विशेष कायद्यांची कडक कलमे मिळवा.

घोळ दोन्ही टोकांना होतो. एका दवाखान्यात शिपाई येऊन "साहेबांनी केस पेपर मागितलाय" म्हणतो आणि रिसेप्शनवरची मुलगी अख्खी मूळ फाइल त्याच्या हातात देते. दुसऱ्या दवाखान्यात पंधरा वर्षांच्या मुलीचे आईवडील हात जोडतात, म्हणून डॉक्टर गप्प बसतात आणि काही महिन्यांनी स्वतःच आरोपी होतात. पहिल्याने द्यायला नको ते दिले, दुसऱ्याने सांगायलाच हवे ते दडवले. पुढचा क्रम या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहे.

टप्पा १: पोलीस यायच्या आधीची तयारी

नव्वद टक्के गोंधळ इथेच मिटतो, आणि इथेच सगळे आळस करतात.

एक माणूस नेमा. छोटा दवाखाना असेल तर तो माणूस तुम्हीच. रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक किंवा रेकॉर्ड विभागाचा प्रमुख, आणि रात्रपाळीसाठी एक पर्यायी नाव. बाकी कोणीही, म्हणजे रिसेप्शन, नर्स, निवासी डॉक्टर, वॉर्डबॉय, पोलिसांना कागद द्यायचा नाही. त्यांनी एवढेच म्हणायचे: "बसा, साहेबांना फोन लावतो."

तीन रजिस्टरे ठेवा: एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस-कायद्याशी संबंध येणारी केस) रजिस्टर, पोलिसांना दिलेल्या सूचनांचे जावक रजिस्टर, आणि कोणत्या अधिकाऱ्याला कोणते कागद कधी दिले याची नोंदवही. तिसरे रजिस्टर फार थोड्या ठिकाणी असते आणि उलटतपासणीत नेमके तेच लागते.

आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवायचे, हा २००२ च्या नियमांतला नियम सगळ्यांना पाठ असतो. एमएलसीच्या फायलीला तो लावू नका. फौजदारी खटला उभा राहायलाच कधी कधी तेवढा काळ जातो. प्रकरण संपल्याचे कळेपर्यंत ती फाइल वेगळ्या कपाटात, कुलपात.

सीसीटीव्हीचेही तसेच. बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. एमएलसी नोंदवली की त्या रात्रीचे प्रवेशद्वार आणि कॅज्युअल्टीचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून ठेवा.

*तपासा:* रात्री दोन वाजता हवालदार आला तर ड्युटीवरच्या माणसाला कोणाला फोन लावायचा हे माहीत आहे का? आजच विचारून बघा.

टप्पा २: कोणी न मागताही कळवावे लागते अशी प्रकरणे

गुप्ततेचा सर्वांत मोठा अपवाद पोलिसांच्या पत्राने सुरू होत नाही. तो रुग्ण तुमच्यासमोर बसल्या क्षणी सुरू होतो. आणि कुठल्याही प्रकारात उपचार आधी, कागद नंतर. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. "आधी पोलिसांत जा, मग या" हे वाक्य दवाखान्यात उच्चारायचे नाही.

*अठरा वर्षांखालील रुग्ण आणि लैंगिक गुन्हा.* पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९. गुन्हा घडल्याचे माहीत असेल किंवा घडण्याची शक्यता वाटत असेल, तर स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलगी "माझ्या मर्जीने" म्हणाली, मुलगा तिच्याच वयाचा आहे, दोघांचे लग्न झाले आहे, घरच्यांची तक्रार नाही, यातले काहीही तुम्हाला सूट देत नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असाल आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. उलट, सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे म्हटले.

आता यातला जो भाग बहुतेक डॉक्टरांपर्यंत पोचलेलाच नाही तो. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर कलम १९ खाली कळवताना तिचे नाव आणि ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा दिली आणि त्यातून पुढे होणाऱ्या फौजदारी कारवाईतही डॉक्टरने ती ओळख सांगण्याची सक्ती नाही असे म्हटले. म्हणजे कळवायचे नक्की, पण नावाविना कळवता येते. विनंती लेखी घ्या, दोघांच्या सह्या घ्या, पोलिसांच्या पत्रात त्या निकालाच्या तारखेचा उल्लेख करा. ठाण्यात "नाव द्या नाहीतर घेत नाही" असे ऐकवले गेले तर पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे पाठवा. मुलीला परत पाठवू नका. नावाच्या भीतीने मुली भोंदूंकडे जातात. ही मुभा आली ती नेमकी त्यासाठीच.

*बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडित, वय कोणतेही.* भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम ३९७ सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना लागू आहे: मोफत उपचार लगेच, आणि पोलिसांना माहिती लगेच. उपचार नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) कलम २०० नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रौढ स्त्रीला तक्रार नोंदवायची नसेल तर तिच्यावर जबरदस्ती नाही. तुम्ही रुग्णालय म्हणून कळवा आणि तिचा नकार तिच्या शब्दांत, तिच्या सहीने, पत्रासोबत जोडा. वैद्यकीय तपासणीलाही ती अंशतः किंवा पूर्ण नकार देऊ शकते. तिला तपासायचे ते उपचारासाठी आणि तिच्या संमतीने. पोलिसांची मर्जी राखण्यासाठी नाही.

*खून आणि तशीच गंभीर कृत्ये.* नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ (जुने ३९) म्हणते की काही ठरावीक गुन्हे घडल्याचे किंवा घडवण्याचा इरादा असल्याचे माहीत असलेल्या प्रत्येकाने जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवावे. यादीत खून, सदोष मनुष्यवध, दरोडा, संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, खंडणीसाठी अपहरण वगैरे आहेत. "प्रत्येकाने" यातून डॉक्टर वगळलेला नाही. न कळवण्याचे सबळ कारण होते हे सिद्ध करण्याचा भारही न कळवणाऱ्यावरच असतो.

खुनाचा प्रयत्न आणि दुखापतीचे बहुतेक गुन्हे या यादीत नाहीत. म्हणून भोसकलेला किंवा गोळी लागलेला माणूस आला तर न कळवता चालेल असा अर्थ काढू नका. एमएलसी करून ठाण्याला सूचना देणे ही रुग्णालयांची प्रस्थापित पद्धत आहे, आणि तो रुग्ण उद्या दगावला तर यादीतला गुन्हा तयार होतो.

*विषबाधा आणि आत्महत्येचा प्रयत्न.* निव्वळ आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना गुन्हा नव्या न्याय संहितेत उरलेला नाही, आणि मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरते. तरी एमएलसी करायचीच, कारण कोणी पाजले का, छळ झाला का, प्रवृत्त केले का, हे तुम्हाला माहीत नसते. सूचनेत "आत्महत्येचा प्रयत्न केला" असा निष्कर्ष लिहू नका. "कीटकनाशक पोटात गेल्याची तक्रार, रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या सांगण्यावरून" इतके पुरते.

*नेमका धोका असलेली तिसरी व्यक्ती.* रुग्ण नाव घेऊन, ठरवून, साधन जवळ बाळगून मेव्हण्याला संपवायचे बोलतो. नियम ७.१४ आणि मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ दोन्ही इथे मुभा देतात, पण धोका टाळण्यापुरतीच. कोण, कोणाला, कसा धोका, एवढे पोलिसांना सांगा. त्याचे व्यसन, त्याचे लग्न, त्याची औषधे हे सगळे फाइलमध्येच राहू द्या. रागाच्या भरात "त्याला बघून घेतो" म्हणणारा प्रत्येक रुग्ण या अपवादात येत नाही. तसे धरले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे मनातले बोलायला कोणी यायचे नाही.

*सावधान:* सूचना फोनवर देऊन थांबू नका. लेखी द्या, पोच घ्या, ठाणे अंमलदाराचे नाव, बक्कल नंबर आणि वेळ लिहा. "आम्ही फोन केला होता" हे न्यायालयात शून्य किमतीचे वाक्य आहे.

टप्पा ३: केस पेपरवर काय आणि कसे लिहायचे

तुम्ही लिहिलेली हिस्ट्री पुढे पुरावा होते, हे लिहिताना लक्षात ठेवा. रुग्णाने सांगितलेले त्याच्या नावावर लिहा: "रुग्णाच्या म्हणण्यानुसार शेजाऱ्याने काठीने मारले." तुमचे निरीक्षण वेगळ्या ओळीत. दोन्हींची सरमिसळ झाली की उलटतपासणीत आरोपीचा वकील विचारतो, "तुम्ही तिथे हजर होता का?"

जखमी माणसाने "मी आधी त्याच्यावर वार केला" असे सांगितले तर? तो पोलीस कोठडीत नसेल तर डॉक्टरपुढची ही कबुली न्यायालयेतर कबुली म्हणून पुढे येऊ शकते आणि तुम्हाला साक्षीला बोलावले जाऊ शकते. कोठडीत असताना, दंडाधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीविना दिलेली कबुली मात्र साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तुम्ही कबुलीजबाब घ्यायला बसलेले नाही. जखम कशाने, किती वेळापूर्वी, शुद्ध हरपली का, हे उपचाराला लागते. भांडण कोणी सुरू केले हे लागत नाही. विचारूच नका.

अटक केलेल्या माणसाला पोलीस तपासणीसाठी आणतात तेव्हा नाते वेगळे असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून तपासणी होते आणि अहवाल विनाविलंब तपासी अधिकाऱ्याकडे जातो. आरोपी स्त्री असेल तर तपासणी स्त्री डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली. त्या माणसाला सुरुवातीलाच सांगा: "ही तपासणी पोलिसांच्या विनंतीवरून आहे, अहवाल त्यांना जाईल." हे सांगायला अर्धे मिनिट लागते आणि तरी फार थोडे डॉक्टर सांगतात. कलम ५३ खालच्या, म्हणजे अटकेनंतरच्या तपासणीच्या अहवालाची प्रत त्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळायला हवी.

रुग्ण मरणाच्या दारात असेल आणि दंडाधिकारी पोचेपर्यंत वेळ नसेल, तर त्याचे म्हणणे डॉक्टरने नोंदवावे. मृत्युपूर्व जबाब साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली ग्राह्य असतो. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला नसला म्हणून जबाब आपोआप रद्द होत नाही, असे लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००२ मध्ये घटनापीठाने सांगितले. तरी दाखला द्या, वेळ टाका, आणि शक्यतो त्याचेच शब्द त्याच्याच बोलीत लिहा.

टप्पा ४: मागणी आली. आधी कागद वाचा

कोण मागतो आणि कशाच्या आधारे, हे दोन प्रश्न. उत्तरानुसार वाट बदलते.

तोंडी मागणी असेल तर नम्रपणे लेखी मागा. "साहेब, मूळ फाइल तोंडी देता येत नाही, ठाण्याचे पत्र द्या, लगेच तयारीला लागतो." बहुतेक अधिकारी पत्र आणतात. रागावले तरी तुमचे काही बिघडत नाही.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ (जुने ९१) खालचा लेखी आदेश: न्यायालयाचा समन्स किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा आदेश, कागदपत्रे हजर करण्यासाठी. हा बंधनकारक आहे. शिपायाने स्वतःच्या सहीने दिलेली चिठ्ठी म्हणजे हा आदेश नव्हे. नव्या संहितेत असा आदेश इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही येऊ शकतो, म्हणून व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली तर ती रद्दी समजू नका. ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून खात्री करा. कागद दुसऱ्या कोणाकरवी पाठवले तरी आदेशाचे पालन होते. तुम्ही ओपीडी बंद करून जाण्याची गरज नसते.

कलम १७९ (जुने १६०) खालची नोटीस साक्षीदार म्हणून हजर राहण्यासाठी असते, कागद मागण्यासाठी नव्हे. अधिकारी स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्याच माणसाला बोलावू शकतो. महिला डॉक्टरला आणि साठ वर्षांवरील डॉक्टरला राहत्या ठिकाणाबाहेर येण्याची सक्ती करता येत नाही.

जुन्या कलमांचे छापील फॉर्म काही ठाण्यांत अजून फिरतात. कलमाचा आकडा जुना आहे एवढ्यावरून वाद घालू नका. सही, शिक्का, गुन्हा क्रमांक आणि कोणते कागद हवेत याचा तपशील बघा. "सर्व कागदपत्रे" असे मोघम लिहिले असेल तर यादी मागा.

पोलीस आणि न्यायालय सोडून बाकीच्यांचे थोडक्यात. विमा कंपनीचा तपासनीस, आरोपीचा वकील, पत्रकार, मालक, स्थानिक पुढारी यांना रुग्णाच्या लेखी संमतीविना काहीही नाही. आरोपीच्या वकिलाला कागद हवे असतील तर त्यांनी न्यायालयात अर्ज करावा. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापली किंवा पसरवली तर न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटोसुद्धा पसरवणेच.

*तपासा:* पत्रावर गुन्हा क्रमांक, ठाणे, कलम, अधिकाऱ्याचे नाव व पद, तारीख, मागितलेल्या कागदांची यादी. एखादी गोष्ट नसेल तर तसे लिहून कळवा, पण तेवढ्या बहाण्याने आठवडे काढू नका. कायदेशीर यंत्रणेने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हे २००२ च्या नियमांतच आहे.

टप्पा ५: वेगळ्या कुलपातली माहिती

वैध आदेश आला तरी फाइलमधला प्रत्येक कागद त्याच वाटेने जात नाही. देण्यापूर्वी ही तीन कुलपे तपासा.

एचआयव्ही. २०१७ च्या कायद्याचे कलम ८: रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीविना त्याची एचआयव्ही स्थिती उघड करायची नाही. फौजदारी तपासापुरता महत्त्वाचा अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा, आणि तोही ती माहिती न्यायासाठी आवश्यक असल्याचे न्यायालयाला वाटले तर. ठाण्याचे पत्र म्हणजे न्यायालयाचा आदेश नाही. मारहाणीच्या गुन्ह्यात इंजुरी सर्टिफिकेटबरोबर एलायझाचा (एचआयव्ही चाचणीचा) रिपोर्ट नकळत पिन करून गेला, ही चूक सर्रास होते. १९९८ च्या मिस्टर एक्स प्रकरणाचा (एचआयव्ही स्थिती उघड करणाऱ्या रुग्णालयाला सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरले नव्हते) दाखला देऊन कोणी वाद घातला तर सांगा की त्यानंतर संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे.

मानसिक आजार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ गुप्ततेचा हक्क देते; अपवादांत मानसिक आरोग्य मंडळ, प्राधिकरण, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय आणि सक्षम वैधानिक प्राधिकरणाचा आदेश, दुसऱ्याचे रक्षण, जीविताला धोका आणि सार्वजनिक सुरक्षा येते. माझे मत: ठाण्याच्या पत्रावर समुपदेशनाच्या नोंदी देऊ नका. उपचाराच्या तारखा आणि दाखल झाल्याची नोंद द्या, बाकीसाठी न्यायालयाचा आदेश मागा. समुपदेशनात रुग्णाने आईबद्दल, बायकोबद्दल, बॉसबद्दल काय म्हटले ते चोरीच्या तपासाला लागत नाही.

गर्भपात. वैद्यकीय गर्भपात (एमटीपी) कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५ अ: कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही स्त्रीचे नाव वा तपशील सांगितला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एमटीपीचे प्रवेश रजिस्टर गोपनीय दस्तऐवज आहे. ते उघडे ठेवून "बघा साहेब, कोणती ती" असे दाखवाल तर त्या पानावरच्या बाकी सगळ्या स्त्रियांची गुप्तता तुम्ही त्याच क्षणी मोडलेली असते. संबंधित नोंदीचीच प्रत काढा, इतर नोंदी झाका.

टप्पा ६: द्यायचे कसे

मागितले तेवढेच. १४ तारखेच्या मारहाणीचा गुन्हा असेल तर दहा वर्षांपूर्वीच्या वंध्यत्वाच्या उपचाराचे कागद जात नाहीत.

प्रत्येक पानाला क्रमांक द्या, "मूळ प्रतीवरून खरी प्रत" असा शिक्का, सही आणि तारीख. प्रती मोहोरबंद लिफाफ्यात, तपासी अधिकाऱ्याच्या नावे. सोबत यादीचे पत्र, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच. काही रोखत असाल तर गप्प बसू नका, लिहा. नमुना असा:

"आपले पत्र क्रमांक ..., दिनांक ... मिळाले. यादीतील अनुक्रमांक १ ते ४ च्या प्रमाणित प्रती सोबत जोडल्या आहेत. अनुक्रमांक ५ मधील माहिती संबंधित कायद्याच्या कलम ... मुळे न्यायालयाच्या आदेशाविना देता येत नाही. असा आदेश मिळताच ती मोहोरबंद लिफाफ्यात न्यायालयात सादर करू. मूळ कागद आमच्या ताब्यात सुरक्षित आहेत."

शेवटचे वाक्य वगळू नका. कागद नष्ट होतील या शंकेने जप्ती होते, ती शंका या वाक्याने बरीच कमी होते.

संगणकातल्या नोंदी, डिजिटल एक्स-रे, सीसीटीव्ही यांच्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते (जुने ६५ ब). त्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. पेन ड्राइव्ह नुसता हातात देऊन मोकळे झालात तर दोन वर्षांनी पुन्हा बोलावणे येते.

अधिकारी मूळ फाइल जप्तच करायला आले तर अडवू नका, लपवूही नका. सगळ्या पानांची प्रत आधी काढू द्या अशी विनंती करा. पंचनाम्यात पानांची संख्या लिहून घ्या, यादीची प्रत मागा. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार आवश्यक आहे. ते होत आहे का ते बघा आणि नसेल तर शांतपणे तसे बोलून दाखवा. रुग्ण चालू उपचारात असेल तर ही प्रत म्हणजे त्याचा जीव आहे. ड्रग चार्ट ठाण्यात आणि रुग्ण आयसीयूत, असे होऊ देऊ नका.

टप्पा ७: पोलिसांपुढचा जबाब

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खालच्या जबाबात रुग्णाच्या तब्येतीबद्दल कागदांत आहे तेवढेच सांगा. "तुम्हाला काय वाटतं डॉक्टर, नवऱ्यानेच मारलं असेल ना?" याला उत्तर एकच: जखम कोणत्या प्रकारच्या हत्याराने होऊ शकते ते सांगू शकतो, कोणी केली ते नाही.

या जबाबावर सही करायची नसते. कलम १८१ तेच सांगते. "सही करा, सुटून जा" म्हणून पुढे केलेला कागद आधी पूर्ण वाचा. तो जबाब आहे की पंचनामा की कागदांची पोच, ते ओळखा.

टप्पा ८: न्यायालयात

समन्स घेतल्यावर तीन गोष्टी लगेच: कागद घेऊन यायचे की साक्षीलाही यायचे ते वाचा, मूळ फाइल काढा, सरकारी वकिलांना फोन करा. फक्त कागद हजर करणारा साक्षीदार ठरत नाही आणि त्याची उलटतपासणी होत नाही. ज्या कागदाबद्दल हरकत आहे तोही न्यायालयात न्यावाच लागतो. हरकत योग्य की अयोग्य ते न्यायाधीश ठरवतात, हे साक्ष्य अधिनियमाचे कलम १६५ आहे. घरी ठेवून आलात तर हरकत ऐकायलाच कोणी बसत नाही.

पिंजऱ्यात उभे असताना संवेदनशील प्रश्न आला की न्यायाधीशांकडे वळा: "हे रुग्णाचे खासगी आहे. न्यायालयाचा आदेश असेल तर सांगतो." आदेश झाला की तो नोंदवला जाऊ द्या, मग सरळ उत्तर द्या. यातून नियम ७.१४ चे पालन होते आणि साक्षही पूर्ण होते. आदेशानंतरही अडून बसलात तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८८ खाली सात दिवसांपर्यंत कोठडी होऊ शकते.

एचआयव्ही किंवा लैंगिक गुन्ह्याचा तपशील असेल तर बंद दालनात सुनावणी आणि ओळख झाकण्याची विनंती सरकारी वकिलांमार्फत आधीच करा. बदली होऊन लांब गेला असाल तर व्हिडिओद्वारे साक्षीची विनंती करता येते.

उत्तर देताना फाइल बघायला परवानगी मागा, ती मिळते. आठवणीवर विसंबून "बहुधा डावा हात" म्हणू नका.

टप्पा ९: आरोपी तुम्हीच असाल तर

वरचे सगळे साक्षीदार डॉक्टरसाठी आहे. निष्काळजीपणाची तक्रार तुमच्यावरच असेल तर पहिला फोन वकिलाला. आरोपीला स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ती नाही आणि कलम ९४ चा आदेश आरोपीला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या संहितेतल्या तशाच कलमाबद्दल १९६४ मध्ये सांगितले आहे. झडती मात्र होऊ शकते. जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) तपासी अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि डॉक्टरला सरधोपट अटक करू नये असे ठरवले आहे. तो निकाल वकिलाच्या हाती असू द्या.

केस पेपरवर नंतर काहीही वाढवू नका, खोडू नका, पान बदलू नका. शाई, अक्षर आणि संगणकातली वेळेची नोंद सगळे सांगतात, आणि मग निष्काळजीपणाच्या किरकोळ आरोपाला पुरावा नष्ट केल्याचे न्याय संहितेचे कलम २३८ येऊन चिकटते. राहून गेलेली गोष्ट लिहायचीच असेल तर आजच्या तारखेने, "नंतरची नोंद" असे लिहून, वेगळी.

बचावासाठी रुग्णाची माहिती न्यायालयात आणि वैद्यक परिषदेपुढे वकिलामार्फत मांडता येते. बाहेर नाही. नातेवाइकांनी गुगलवर एक तारा देऊन तुम्हाला कसाई म्हटले तरी तिथे उत्तरात "तुमचे वडील रोज दारू प्यायचे, लिव्हर आधीच गेले होते" असे लिहायचे नाही. ते वाक्य खरे असले तरी गुप्तताभंगच आहे, आणि त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये असतो.